मध्ये कुठं उतरायचं न्हाई

आमच्या चाकणच्या कंपनीत परदेशी जाऊन आलेली माणसं जेवणाच्या सुट्टीत हटकून बिझनेस क्लासचा विषय काढतात. कुठल्या विमानात खुर्चीचा पलंग खरोखर सपाट होतो, कुठल्या विमानात तो नुसता घसरगुंडीसारखा होतो, कुठं पांघरूण चांगलं, कुठं जेवण. मीही त्या वर्गातून काही वेळा गेले आहे, पण विषय निघाला की मला खुर्च्या आठवत नाहीत. माझ्या डोळ्यांसमोर पदर कमरेला खोचून दोन खुर्च्यांच्या मधल्या जागेत गुडघ्यांवर बसलेली एक बाई येते. विमान कुठल्याशा समुद्रावरून चाललेलं, आजूबाजूची माणसं झोपलेली, आणि ही नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगतेय, "अवो, आता डाव्या कुशीवर व्हायचंय. मी हूं म्हणलं की अंग सैल सोडा."

ती कौसल्यामावशी. माझ्या नात्यातली नव्हे. मी कराडहून नोकरीसाठी आले तेव्हा पिंपळे गुरवला तिच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायला लागले, तेवढीच ओळख. खालच्या मजल्यावर ती, तिचे यजमान बाबुरावकाका, आणि तिची खानावळ. माणसं लातूरकडची. काका भोसरीला पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये लागले आणि हे बिऱ्हाड इकडे आलं ते इकडचंच झालं. तीस वर्षं प्रेसच्या दणक्याशेजारी उभं राहून काकांचा एक कान गेला होता. त्यामुळे मावशीला मोठ्यानं बोलायची सवय लागलेली. "आमच्या दोघांत गुपित असं काही राहतच न्हाई बघ," ती म्हणायची. "ह्यांना सांगितलं की गल्लीला सांगितलं."

पहिले काही महिने मी तिला अहो-जाहो करत होते. एक दिवस तिनंच दटावलं. "मावशी म्हणतीस आन् वर अहो म्हणतीस. एक काय ते ठरव." तेव्हापासून अगं.

ती उंचीनं बेताची, हाडानं मजबूत, आणि चालताना नेहमी थोडी पुढे झुकलेली असायची. शाळा तिनं चौथीत सोडलेली, पण एखादी गोष्ट आपल्याला येत नाही हे सांगताना तिला कधी लाज वाटली नाही. ती लगेच पुढचं वाक्य बोलायची, "त्यात काय, शिकून घेऊ." हे ती बढाई म्हणून म्हणत नसे. भाजी आणायची आहे, पीठ दळायचं आहे, त्याच सुरात म्हणायची.

स्कूटर तिनं अशीच शिकून घेतली. चाकणच्या कंपन्यांमधल्या पोरांना डबे पाठवायचं काम मिळालं होतं आणि डबे नेणारा माणूस सारखा दांड्या मारायचा. काका म्हणाले, काम सोडून दे. ही म्हणाली, स्कूटर घेऊ. वय पंचेचाळीसच्या पुढे. सायकलसुद्धा कधी चालवलेली नाही. सांगवीच्या एका मैदानावर रोज सकाळी काका स्कूटर मागून धरायचे आणि ही ओरडायची, "सोडू नका, सोडू नका!" एकदा काकांना वाटलं ती "सोडा, सोडा" म्हणतेय. त्यांनी सोडली. मावशी सरळ कुंपणात. मनगटाचं हाड मोडलं, प्लास्टर बसलं. त्या दिवसांत तिनं एका हातानं खानावळ चालवली आणि प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात पुन्हा मैदानावर गेली. काका जायला तयार होईनात. त्यांना वाटत होतं, आपल्या कानामुळे हिचा हात मोडला. "तुमचा कान एकच हाय म्हणून तर मी आता खुणा ठरवल्यात," ती म्हणाली. "डोकं हलवलं की सोडायचं." मी राहायला गेले तोवर ती चाकणच्या चौकातल्या ट्रकांमधून डब्यांची पोती घेऊन अशी निघायची की कंटेनरवाले तिला वाट द्यायचे.

काका अगदी उलट. शांत, हळू बोलणारे. निवृत्त झाल्यावर दारात खुर्ची टाकून बसायचे आणि गल्लीतल्या लोकांचे बिघडलेले पंखे, कुकर, इस्त्र्या दुरुस्त करायचे. मावशी आतून काहीतरी ओरडून विचारायची, काका हात वर करून उत्तर द्यायचे. दिवसभर हे असं चालायचं. दोघांना एकमेकांशी निवांत बसून बोलताना मी फारसं पाहिलं नाही, पण एकमेकांच्या आवाजाच्या टप्प्यापलीकडे गेलेलंही कधी पाहिलं नाही.

मावशीबद्दल माझी स्वतःची एक आठवण सांगायलाच हवी. कंपनीत डाय विभागात, म्हणजे पत्र्याचे साचे बनतात तिथं, मी पहिली मुलगी. तिथला साहेब मला मशीनजवळ फिरकू देत नव्हता, कागद लिहायला बसवायचा. वर्ष होत आलं तशी मी हरले. बॅग भरायला लागले. मावशी वर आली, बॅगेकडे बघितलं, पलंगावर बसली.

"कुठं निघालीस?"

"घरी. राजीनामा देणार आहे."

"दे की. पण आज देऊ नगंस. येत्या शनिवारी दे. तवर रोज दुपारी मी गेटवर येते डबा घेऊन. मला बाहेर येऊन सांगायचं, आज साहेबाला काय विचारलंस."

"आणि त्यानं नाही म्हटलं तर?"

"तर ते सांगायचं."

ती खरंच रोज आली. हेल्मेट काढून गेटबाहेरच्या झाडाखाली उभी राहायची. तिला सांगायला काहीतरी हवं म्हणून मी रोज साहेबाला विचारायला लागले. त्या शनिवारी राजीनामा राहिला, पुढच्याही शनिवारी राहिला. साहेबच शेवटी कंटाळला आणि म्हणाला, जा बाई, उभी राहा मशीनवर. आज मी त्या विभागाची प्रमुख आहे, पण ती गोष्ट वेगळी.

मावशीचा एकुलता एक मुलगा संतोष. कॉम्प्युटर शिकला आणि अमेरिकेत कॅलिफोर्नियात नोकरीला लागला. तिथंच लग्न, तिथंच घर. तो बरीच वर्षं आईवडिलांना बोलवत होता आणि मावशी खानावळीचं कारण सांगत होती. शेवटी नातू झाला तेव्हा दोघं सहा महिन्यांसाठी गेली. मी एव्हाना लग्न होऊन रावेतला राहायला गेले होते, पण किल्ली माझ्याकडे होती. तुळशीला पाणी घालायला जायचे.

त्या मुक्कामाच्या तिसऱ्या महिन्यात काका सकाळी चहाचा कप उचलायला गेले आणि कप हातातून पडला. मावशीला वाटलं, निसटला. तिनं फरशी पुसायला फडकं आणलं तोवर काका खुर्चीतून एका बाजूला कलले होते. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली होती. दवाखान्यात वेळेवर पोचले म्हणून जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. गिळणंसुद्धा नीट होईना. पाणी प्यायलं तर ते श्वासनळीत जायचं.

मी फोन केला तेव्हा संतोषच बोलला. आवाज बसलेला. मग मावशीनं फोन घेतला. मला वाटलं आता ती रडेल. ती म्हणाली, "अनू, इथं एक नर्सबाई हाय, मारिया म्हणून. तिला माझं कळत न्हाई, मला तिचं कळत न्हाई. पण हात दोघींचेबी सारखेच. मी बघून बघून शिकायलीय."

मारिया काकांना कुशीवर कशी वळवते, पाठीखाली उशी कुठं सरकवते, पाण्यात पावडर कालवून ते घट्ट कसं करते आणि चमच्यानं जिभेच्या मध्यावर कसं ठेवते, घशात काही अडकलं तर रबरी फुग्यानं कसं ओढून काढते, हे सगळं मावशी शेजारी उभी राहून बघायची. मग मारियाच्या हातून चमचा काढून घ्यायची. पहिल्यांदा मारिया रागावली, असं संतोषनं मला नंतर सांगितलं. मग तीच तिला मुद्दाम हाक मारून दाखवायला लागली.

दवाखान्यातून काकांना एका शुश्रूषा केंद्रात हलवलं. स्वच्छ जागा, मोठी खिडकी, चांगली माणसं. संतोषनं चौकशी केली होती, वडिलांना कायमचं तिथंच ठेवता येईल का. त्याचं चुकत होतं असं मला वाटत नाही. त्याच्या व्हिसाचं नूतनीकरण अडकलेलं, देश सोडला तर परत येता येईल याची खात्री नाही, घरात तान्हं मूल. त्यात आईवडिलांना तिथं राहू देण्याची मुदत संपत आलेली, ती कशी वाढवायची याची धावपळ. तो पोरगा चारी बाजूंनी पिचला होता.

पण काका खाईनात. मावशी भरवायला गेली की तोंड मिटून खिडकीकडे बघायचे. डॉक्टर म्हणाले, अशा आजारात मन खचतं, औषध देऊ. मावशीनं औषधाला नको म्हटलं नाही. फक्त एका दुपारी तिनं खोलीचं दार लावून घेतलं, काकांचा चांगला असलेला डावा हात हातात घेतला आणि त्यांच्या चांगल्या कानाशी बसली. संतोष तिथं होता. त्यानंच मला हे सांगितलं.

"अवो, मी विचारते. व्हय असलं तर हात दाबा. इथं बरं वाटायलंय का?"

हात तसाच.

"संतोषच्या घरी जायचं?"

काहीच नाही.

"गावाकडं? लातूरला?"

नाही.

"पिंपळे गुरवला आपल्या घरी?"

काकांनी हात दाबला आणि सोडलाच नाही. मावशीनं मुलाकडे बघितलं. "ठरलं," ती म्हणाली.

यानंतर जे चालू झालं ते मी फोनवरून ऐकत होते. डॉक्टरांनी सांगितलं, बसवून इतका लांबचा प्रवास करता येणार नाही, पाठीला जखमा होतील, पायात गाठी होतील. "मग झोपवून नेऊ," मावशी म्हणाली. डॉक्टर म्हणाले, मध्ये विमान बदलायचं तर दोनदा उचलाउचल होईल, तीही नको. "मग मध्ये कुठं उतरायचं न्हाई." संतोषनं सांगितलं, आई, सॅन फ्रान्सिस्कोहून मुंबईला थेट जाणारं विमान आहे, पण त्यात पलंगासारखी खुर्ची फक्त बिझनेस क्लासला असते, आणि आपण ते... मावशीनं त्याचं बोलणं पुरं होऊ दिलं नाही. मोशीकडे तिनं आणि काकांनी एक छोटा प्लॉट घेऊन ठेवला होता. तो विकायला तिनं मला सांगितलं आणि पुन्हा कधी त्या प्लॉटचं नाव काढलं नाही.

विमान कंपनीची अट अशी की रुग्णाबरोबर त्याची सगळी काळजी घेऊ शकणारं माणूस हवं, आणि इंग्रजी बोलणारं दुसरं कुणीतरी हवं. दुसरं माणूस म्हणजे मी. योगायोगानं आमच्या एका गिऱ्हाइकाच्या कारखान्यात चाचण्यांसाठी मला त्या वेळी कॅलिफोर्नियात जायचं होतं, आणि इतक्या लांबच्या थेट विमानाला आमची कंपनी बिझनेस क्लासच देते. परतीची तारीख मी त्यांच्या तारखेला जुळवून घेतली. पण पहिल्या माणसाचं काय? विमान कंपनीच्या डॉक्टरांना प्रशिक्षित परिचारिका हवी होती. मावशीनं संतोषकरवी निरोप दिला, "मला बघा. मग न्हाई म्हणा."

मी संतोषच्या घरी पोचले तेव्हा हॉलचं रूप पालटलेलं होतं. मावशीनं विमानातल्या खुर्चीची लांबीरुंदी संतोषला शोधायला लावली होती. सोफा भिंतीपासून ओढून, दोन्ही बाजूंना पुस्तकांची खोकी लावून तिनं तेवढीच अरुंद जागा केली होती. त्या जागेत सून पल्लवी काका होऊन अंग ढिलं टाकून पडायची आणि मावशी तिला वळवायची, उचलून टेकवायची, भरवायची, खालची चादर न उठवता बदलायची. पल्लवी हसायला लागली की मावशी रागवायची. "हसू नगंस. त्यांचं अंग हसत न्हाई, जड पडतंय."

मग मारियानं तिची परीक्षा घेतली, खऱ्या काकांवर. केंद्रातल्या डॉक्टरांनी उभं राहून बघितलं आणि पत्र दिलं की ही बाई हे सगळं करू शकते. विमान कंपनीनं ते पत्र मानलं. निघायच्या दिवशी मारिया भेटायला आली. दोघी एकमेकींना समजणार नाही अशा भाषांत बराच वेळ बोलल्या.

विमान सकाळचं होतं. अरुंद चाकाच्या खुर्चीवरून काकांना आत नेलं. मधल्या दोन जोडखुर्च्या त्यांच्या, पलीकडच्या रांगेतली माझी. उड्डाणाच्या वेळी खुर्ची सरळ ठेवावी लागते आणि काकांची मान धरत नव्हती. मावशीनं आपला तळहात त्यांच्या गालाखाली ठेवला आणि विमान वर जाऊन स्थिर होईपर्यंत काढला नाही. मग बटण दाबून पलंग सपाट केला, काकांच्या पाठीखाली हात फिरवून सुरकुती राहिली नाही ना ते पाहिलं, आणि एकदाचा श्वास सोडला.

हवाईसुंदरी गरम रुमाल घेऊन आली. मावशीनं एक घेतला, काकांचा चेहरा पुसला. "आणखी हायत का?" तिनं मला विचारायला लावलं. पोरीनं अख्खा ट्रे ठेवला. मग जेवणाचं पुस्तक आलं. "काय काय हाय?" मी वाचून दाखवलं. "ह्यातलं मऊ काय?" शेवटी सगळे पदार्थ सोडून तिनं काकांसाठी डाळ मागितली आणि ती बोटानं कुस्करून, पावडर घालून भरवली. तिच्या पुढ्यातलं ताट तसंच परत गेलं. मी रागावले तेव्हा पाव तेवढा खाल्ला.

काही तासांनी सगळ्या खिडक्या झाकून विमानात दिवसाढवळ्या अंधार केला. बाहेर लख्ख ऊन होतं. मावशी ठरावीक वेळानं उठायची, जागेत गुडघ्यांवर बसायची आणि काकांना वळवायची. खालचं बदलावं लागलं तेव्हा मी चादर आडोशाला धरून उभी राहिले. तरी वास यायचा तो आलाच. पलीकडचा एक गृहस्थ, पुण्याकडचाच असावा, उठून बसला.

"अहो, हा काय दवाखाना आहे का? आम्ही काय याच्यासाठी इतक्या महागाचं तिकीट काढलं?"

मी काही बोलणार तोच मावशी म्हणाली, "भाऊ, तुमची झोपमोड झाली, माफ करा. पण आम्हीबी तिकीट काढलंय. हे उरकल्याबगर मला उठता येत न्हाई."

त्यानं जागा बदलून मागितली आणि ती मिळालीही. तो गेल्यावर मावशीनं त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. "बरं झालं," ती म्हणाली. "पिशव्या ठेवायला जागा न्हवती."

अर्धा प्रवास झाला असेल. मला डुलकी लागली होती. मावशीच्या हाकेनं जाग आली. ती नेहमीसारखं ओरडली नव्हती, आणि त्यानंच मी दचकले. काकांच्या घशातून घरघर येत होती आणि ओठ काळपट दिसत होते. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा खाली चालला होता. लाळ श्वासनळीत गेली होती.

मावशीनं पलंगाची डोक्याकडची बाजू उंच केली, काकांना कुशीवर आणलं, रबरी फुगा घशात घालून ओढला. काही आलं नाही. पुन्हा ओढला. मी बटण दाबलं, मुख्य हवाईसुंदरी प्राणवायूची नळकांडी घेऊन धावत आली. पाठोपाठ प्रवाशांतली एक तरुण मराठी डॉक्टर आली. डोळ्यांची डॉक्टर होती, तिनं तसं आधीच सांगून टाकलं, पण ती थांबली. मुख्य हवाईसुंदरी मला इंग्रजीत म्हणाली, कॅप्टनना कळवलंय, गरज पडली तर जवळच्या विमानतळावर उतरवू, तुमचं म्हणणं विचारताहेत.

मी मावशीला सांगितलं. मला वाटलं ती नाही म्हणणार. महिनाभर ती तेच तर सगळ्यांना सांगत आली होती.

मावशीनं फुगा बाजूला ठेवला आणि त्या डॉक्टर मुलीकडे बघितलं.

"बाई, मला खरं सांगा. ह्यांच्या जिवाला धोका असंल तर आत्ता उतरवा, जिथं कुठं असंल तिथं. घरी न्यायचा हट्ट माझा हाय. माझ्या हट्टापायी ह्यांचा जीव जायला नगं."

ती मुलगी गोंधळली. तिनं छातीला यंत्र लावून ऐकलं, आकडा बघितला. "अजून एकदा ओढा," ती म्हणाली. "तुमचा हात चांगला आहे, तुम्हीच ओढा."

मावशीनं काकांच्या पाठीवर वाटीसारखा हात करून थोपटलं, मारियानं शिकवलं होतं तसं. मग फुगा आत घातला. या वेळी घट्ट चिकट असं बरंच काही आलं. काका खोकले. इतका मोठा खोकले की मागच्या रांगेतल्या माणसानं दिवा लावला. आणि मग त्यांनी लांब श्वास घेतला. आकडा चढायला लागला. डॉक्टर मुलगी प्राणवायूची नळी धरून उभीच राहिली. बऱ्याच वेळानं तिनं मुख्य हवाईसुंदरीकडे बघून मान हलवली. "आता ठीक आहेत. मी इथंच बसते. पुन्हा आकडा उतरला तर मात्र उतरवायचं."

"उतरवायचं," मावशी म्हणाली. ती फरशीवरच बसली. मी तिला पाणी दिलं. पेला मीच तिच्या तोंडाशी धरला. काकांचा डावा हात पलंगाच्या कडेवरून खाली आला आणि तिच्या डोक्यावर पडला. जाणूनबुजून ठेवला की घसरला, मला सांगता येणार नाही. तिनं तो तिथंच राहू दिला.

आकडा उतरला नाही. मुंबईला विमान टेकलं तेव्हा मुख्य हवाईसुंदरी आमच्याजवळ आली आणि कसलेसे चांदीसारखे बिल्ले मावशीच्या हातात ठेवले, नातवासाठी म्हणून. मावशीनं तिच्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. त्या पोरीला त्याचा अर्थ कळला नसेल, पण ती रडली.

रुग्णवाहिका घेऊन माझा नवरा आला होता. घाट चढताना काका जागे होते. पिंपळे गुरवला गल्लीत गाडी शिरेना, कुणीतरी आडवी लावली होती, म्हणून शेजारच्या पोरांनी स्ट्रेचर हातांवर धरून दारापर्यंत नेलं. उंबरा ओलांडल्यावर काकांनी छताकडे बघितलं, मग डावीकडे, मग उजवीकडे. मावशीनं घट्ट केलेल्या पाण्याचा चमचा पुढं केला आणि त्यांनी तोंड उघडलं.

काका त्यानंतर तीन वर्षं जगले. चमत्कार झाला नाही. उजवा हात परत आला नाही. पण ते जेवले, चाकाच्या खुर्चीत बसायला लागले, आणि दोन-चार शब्द परत आले. त्यातला एक "कौशी". लग्नानंतर कधीतरी ते तिला तसं म्हणत असावेत, कारण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मावशी लाजून स्वयंपाकघरात गेली. काका गेले ते सकाळी, आपल्या अंथरुणात, ती कपाळ पुसत असताना. संतोषचं व्हिसाचं काम तोवर झालं होतं, तो येऊ शकला. मावशी पुढं दोनएक वर्षं होती. खानावळ तिनं पुन्हा सुरू केली होती. मग अचानक तीही गेली, थोड्याशा तापाचं निमित्त होऊन. मी तेव्हा कंपनीच्या चेन्नईच्या कारखान्यात होते आणि मला पोचता आलं नाही.

चेन्नईला गेल्यापासून आमची भेट फोनवरच होत होती, म्हणून माझ्याकडे तिचं शेवटचं जे आहे ते चेन्नईला जाण्याआधीच्या एका संध्याकाळचं आहे. काका तेव्हा होते. मी निरोप घ्यायला गेले तर घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "नदीकडं गेल्यात. रोज जातात." मी त्या रस्त्यानं निघाले. सांगवीकडच्या वळणावर लांबूनच दोघं दिसली. काका चाकाच्या खुर्चीत, पायांवर चादर, मागं मावशी. ती त्यांना मोठमोठ्यानं काहीतरी सांगत होती, अख्ख्या रस्त्याला ऐकू येईल असं. शेपूची जुडी केवढ्याला झाली आणि कुणाच्या सुनेला काय झालं.

पुढं पदपथावर एक भलीमोठी पांढरी मोटार चढवून लावलेली होती. खुर्ची जायला वाट नव्हती, आणि खाली रस्त्यावरून गाड्या भरधाव जात होत्या. मावशी थांबली. खुर्चीचे ब्रेक लावले. काकांच्या पायांवरची चादर सारखी केली. मग मोटारीपाशी गेली आणि बॉनेटवर हात आपटायला लागली, एकसारखी. धोक्याचा भोंगा वाजायला लागला तरी थांबेना. समोरच्या हॉटेलातून एक तरणा माणूस धावत आला.

"ओ मावशी, काय करताय? गाडी आहे ती!"

"गाडी हाय ते दिसतंय. काढ."

"पाच मिनिटांत जेवण उरकतो, मग..."

"आत्ता काढ, राजा. आम्हाला नदीवर जायचंय. ऊन खाली चाललंय."

त्यानं तिच्याकडे बघितलं, खुर्चीतल्या काकांकडे बघितलं, आणि खिशातून किल्ली काढली. मी हाक मारायला तोंड उघडलं, पण तिनं तोवर ब्रेक काढले होते. मोटार पुरती मागे सरकायच्या आतच तिनं खुर्ची त्या फटीतून पुढं घातली आणि थोडी झुकून, काकांच्या कानाशी पुन्हा काहीतरी सांगत, ती वळणाआड गेली.